गोंब्यांच्या पायऱ्या आणि आफ्रिकेची खोकी

बंगळूरच्या कडेला येलहंक्यात आमचं घर जुन्या पेठेत, आत गल्लीत आहे. आमचे लोक इथं कधी आले ते मला विचारू नका. सरदारांच्या घोड्यांमागून आले असं घरात सांगायचे. घोडे कुठं गेले माहीत नाही, आम्ही राहिलो. घरात मराठी, दारात कन्नड. मराठीतसुद्धा निम्मं कन्नड मिसळलेलं आहे, ते आता वेगळं काढता येत नाही.

माझी शाळा दुसरीपर्यंत. धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला म्हणून मला घरी बसवलं. बसवरची पाटी वाचते, औषधाच्या दुकानाची पाटी वाचते. पुस्तक जमत नाही. अक्षर कळतं, पण दुसऱ्या ओळीवर जाईस्तोवर पहिली ओळ निसटलेली असते.

नवरा पीण्याला, म्हणजे तिकडच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका लहान कारखान्यात लेथवर होता. नवरात्रातच गेला. सकाळच्या पाळीला डबा घेऊन गेला, दुपारी दोघांनी ऑटोतून आणला. छातीत दुखलं म्हणाले. डबा तसाच होता, उघडलेला नव्हता.

त्या दिवशी घरात गोंब्या मांडलेल्या होत्या. गोंब्या म्हणजे बाहुल्या. इकडे दसऱ्याला घरोघरी मांडतात. पायऱ्या करायच्या, पांढरं कापड घालायचं. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी, त्याखाली देव, त्याखाली लग्नाची वरात, आणि अगदी खाली शेट्टी आणि शेट्टीण डाळ-तांदळाचं दुकान मांडून बसलेले. एकदा बसवल्या की दसऱ्यापर्यंत हलवायच्या नाहीत. दसऱ्याच्या संध्याकाळी आरती करून एकेक आडवी करायची, निजवायची म्हणतो आम्ही, आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळून ठेवायच्या. त्या वर्षी सुतक आलं. शेजारच्या बायकांनी सगळ्या गोंब्या भराभर पोत्यात भरल्या. राजा-राणीला कुणीतरी तांदळाच्या डब्यात खुपसलं. पुढं कधीतरी तांदूळ काढताना राणीचं डोकं माझ्या हाताला लागलं.

माणूस गेला म्हणून गोंब्या हलल्या. पण मनात ते उलटं बसलं. माझ्या एकटीच्या नाही, घरातल्या सगळ्यांच्याच.

मग मी पण पीण्याला जायला लागले. लोखंडाचे सुटे भाग यायचे, त्यांच्या कडा हाताला कापायच्या, त्या कानशीनं घासून गुळगुळीत करायच्या. जमिनीवर बसून काम. बरीच वर्षं केलं. बोटांचे ठसे गेले. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा लागत नाही. तो माणूस म्हणतो, अज्जी, नीट दाबा. मी दाबते. लागत नाही. मुलगा मोठा झाला, तो पण पीण्यातच लागला. त्याचं मशीन कॉम्प्युटरवर चालतं, तरी मशीन ते मशीनच. तो सकाळी निघाला की मी दार लावून घेते आणि कामाला लागते. विचार करत बसत नाही.

घराच्या मागं जिन्याला लागून एक खोली आहे. छप्पर खाली, उन्हाळ्यात तापते. भाडेकरू टिकत नव्हते. एक दिवस एक उंच, काळी पोरगी दारात उभी राहिली. पांढरा कोट हातावर टाकलेला. नर्सिंगला होती. बोलली ते सरळ कन्नडात. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांशी बोलून बोलून शिकलेली कन्नड, त्यामुळं तिला "कुठं दुखतं", "उताणे झोपा", "लघवी झाली का" हे फार छान यायचं, बाकी स्वल्प स्वल्प. तिचं बोलणं मी इथं मराठीतच सांगते.

"अज्जी, खोली रिकामी आहे का?"

"आहे. वाकून जावं लागेल."

"मी सगळीकडंच वाकून जाते," म्हणाली. "लोक दार उघडतात, मला बघतात, आणि खोली तेवढ्यात भरलेली असते."

माझी काही भरलेली नव्हती. मी किल्ली दिली.

गल्लीत बोलणं झालं. समोरची म्हणाली, रात्रभर गाणी लावतील, बाटल्या फेकतील. थोरली जाऊ दोन गल्ल्या पलीकडं राहते, तिला मी अक्का म्हणते, ती मुद्दाम बघायला आली. पोरगी खोलीच्या उंबऱ्यावर पाय पसरून पुस्तक वाचत बसली होती. अक्का तिच्यासमोरून दोनदा गेली तरी तिनं वर बघितलं नाही.

"बहिरी आहे काय गं?" अक्का मला म्हणाली.

"वाचते आहे."

"एवढं काय असतंय त्यात?"

मला तरी काय माहीत.

ती युगांडाची. आधी मला वाटायचं आफ्रिका म्हणजे एक गाव. रविवारी तिच्याकडं तिच्यासारखीच पोरं-पोरी यायची, कुणी सुदानचा, कुणी नायजेरियाची, कुणी झांबियाची, कुणी काँगोचा. मी विचारलं, तुम्ही सगळे एका गावचे काय? तर म्हणाली, "अज्जी, तुम्ही आणि काश्मीरचे लोक एका गावचे का?" मग मी विचारायचं सोडलं.

ते यायचे ते पुस्तकांसाठी. ती पुस्तकं गोळा करायची. शहरात कोरमंगल्याला पीजी, म्हणजे भाड्याच्या खोल्या, आहेत ना, कॉम्प्युटरच्या नोकरीवाल्या पोरांच्या, ती पोरं खोली सोडून जाताना पुस्तकं तिथंच टाकून जातात. परीक्षेची जाड पुस्तकं, कॉम्प्युटरची, गोष्टींची, श्रीमंत कसं व्हायचं त्याची. ही सुट्टीच्या दिवशी बस बदलत बदलत तिकडं जायची आणि पोतं भरून आणायची. रद्दीवाल्यांशी ओळख केली होती. एक रद्दीवाला तर तिच्यासाठी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं बाजूला काढून ठेवायचा. आणलेली पुस्तकं ती पुसायची, सुटलेली पानं चिकटवायची, खोक्यात भरायची आणि खोकी जिन्याखाली लावायची.

अक्का म्हणाली, "भाडेकरू ठेवलीस की रद्दीवाली?"

मी पोरीला विचारलं, करणार काय एवढ्याचं? तेव्हा तिनं सांगितलं.

तिच्या आईचं गावच्या बस स्टँडजवळ पत्र्याचं शेड आहे. त्यात पुस्तकं. लोक एक-दोन दिवसांसाठी घेऊन जातात, नाहीतर तिथंच बाकावर बसून वाचतात. केळी विकणाऱ्या बाया घेतात, ट्रक चालवणारे घेतात, शाळेची पोरं तर रांग लावतात. ही नर्सिंगला यायच्या थोडं आधी वादळात शेडचा पत्रा उडाला आणि रात्रभर पाऊस झाला. पुस्तकं फुगून पावासारखी झाली. आईनं गवतावर वाळत घातली. काही वाळली, काही शेळ्यांनी खाल्ली. पत्रा परत बसवला, पण फळ्या जवळजवळ रिकाम्या. तरी लोक येतातच. येऊन विचारतात, आलं का काही? आई सांगते, मुलगी इंडियातून आणते आहे.

"आणि ते अजून विचारतात?"

"रोज विचारतात. आई फोनवर मला जेवलीस का विचारत नाही, खोकी किती झाली विचारते."

मी म्हटलं, "आता फोनवर सगळं असतंय म्हणतात. माझा मुलगा म्हणतो, पुस्तकाचा जमाना गेला. तुमच्याकडं फोन नाहीत काय?"

"आहेत की अज्जी. डेटा संपतो. लाइट जाते. घरात फोन एक आणि माणसं सात. आणि ज्याच्याकडं चांगला फोन आहे तो पण शेडात येतो, विचारतो, नवीन काय आलं? नवीन पुस्तक आमच्याकडं मोठ्या शहरात मिळतं, बाहेरून आलेलं, काचेच्या कपाटात ठेवतात. बघून परत यायचं."

झांबियाची पोरगी जिन्यावर बसलेली होती. ती म्हणाली, आमच्याकडं पण तसंच. तिच्या गल्लीत एक गोष्टीचं पुस्तक फिरायचं, त्याची शेवटची पानं गेलेली. मग ज्या बाईनं ते पानं असताना वाचलं होतं तिच्या घरी सगळे शेवट ऐकायला जायचे. ती बाई आपल्या मनानं दर वेळी वेगळा शेवट सांगायची, त्यावरून भांडणं व्हायची. नायजेरियाची म्हणाली, आमच्याकडं फुटपाथवर पुस्तकं विकतात, ट्रॅफिकमध्ये गाड्यांमधून फिरून विकतात, आपल्याकडं सिग्नलला फुगे विकतात ना, तसे. सुदानचा गप्प बसायचा. तो एक पुस्तक घेऊन आला की दुसरं घेऊन जायचा. एकदा त्यानं नेलेलं परत आणलं नाही, तर आमची पोरगी त्याच्या हॉस्टेलपर्यंत गेली आणि घेऊन आली. "हे अम्माचं आहे," म्हणाली. तो पण लाजला.

ती खोकी जिन्याखाली ठेवलेली मला बघवत नव्हती. पुस्तक म्हणजे सरस्वती. चुकून पाय लागला तर आम्ही हात लावून डोळ्यांना लावतो. आणि इथं वरच्या मजल्यावरचे लोक दिवसभर चपला घालून तिच्या डोक्यावरून चढतात-उतरतात. पोरीला सांगितलं तर तिला कळेना. "मध्ये पायरी आहे ना अज्जी." पायरी आहे, पण पाय तो पायच. वाळवी लागू नये म्हणून मी खोक्यांत कडुलिंबाचा पाला घालायची, तेवढंच मला करता येत होतं.

मग नवरात्र आलं. दर वर्षी मी गोंब्यांच्या पायऱ्या जुन्या पत्र्याच्या ट्रंका आणि तेलाचे डबे लावून करते. या वेळी माळ्यावरून काढल्या तर ट्रंकेचा तळच गळून पडला. खाली भुसा झालेला. मी तशीच उभी राहिले. आणि माझी नजर जिन्याखाली गेली.

"तुझी खोकी दसऱ्यापर्यंत इथंच आहेत ना?" मी विचारलं.

होती. माल पाठवणाऱ्या एजंटनं दसऱ्यानंतरची तारीख दिली होती. पाच-सहा पोरांचं सामान एका कंटेनरमधून जाणार, मद्रासच्या बंदरातून. तिचा कोर्स संपला होता, व्हिसा पण संपत आला होता, खोकी पाठवून ती पण जाणार होती.

"राजा-राणी माझ्या पुस्तकांवर बसणार?" ती हसली. "बसू दे. पण जड खोकी खाली ठेवा. कॉम्प्युटरची सगळ्यात खाली."

तिनंच रचून दिली. भिंतीची ओल नको म्हणून मागं थोडी फट सोडून, खाली रुंद, वर अरुंद, नीट पायऱ्या झाल्या. वरून मी पांढरी साडी घातली. गोंब्या बसवल्या, हळद-कुंकू लावलं, दिवा लावला. माझ्या जिवाला बरं वाटलं. सरस्वती जिन्याखालून निघाली आणि गोंब्यांना ट्रंकेपेक्षा चांगली जागा मिळाली. अक्का आली, तिनं साडी उचलून बघितली.

"आत काय, पुस्तकं?"

"होय."

"मग बरं आहे," म्हणाली. अक्काच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ.

अष्टमीच्या दिवशी सकाळी अक्का माझ्याकडं हार करत बसली होती. मुलगा कामावर गेला होता. आयुधपूजा, म्हणजे हत्यारांची-मशीनची पूजा, दुसऱ्या दिवशी, त्यामुळं कारखाने त्या दिवशी चालू होते. पोरीचा फोन वाजला. ती इंग्लिशमध्ये बोलली, मग आवाज चढला, मग एकदम खाली आला. फोन ठेवून ती उंबऱ्यावर बसली. गोंब्यांकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही अज्जी."

"वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना असं काही नाही म्हणतेस काय? सांग."

जहाजाची तारीख अलीकडं आली होती. टेम्पो आज दुपारी सगळ्यांचं सामान उचलत येणार, आज नाही दिलं तर मग नाताळानंतर. नाताळानंतर ती इथं नसणार, खोकी एजंटच्या हातात द्यायला आणि कागदावर सही करायला कुणी नसणार. तिकडं नव्या वर्षात शाळा उघडतात, त्याच्या आत पोचली तर उपयोग.

"मी त्याला नको म्हणून सांगते," ती म्हणाली. "अम्माला सांगते पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी तू कुठं इथं असणार?"

तिनं फोन पालथा ठेवला.

अक्कानं हातातला हार खाली ठेवला. "मधे हलवायचं नाही. सांगून ठेवते. बसलेल्या गोंब्या हलवायच्या नाहीत."

"मी कुठं हलवते म्हटलं?"

"तोंडावर दिसतंय. विसरलीस काय? त्या वर्षी गोंब्या पोत्यात गेल्या आणि घरात काय राहिलं?"

"अक्का, ते आधी झालं होतं. गोंब्या नंतर."

"आधी काय आणि नंतर काय. तुझा मुलगा पण त्याच पीण्यात आहे."

हे ती बोलली तेव्हा पोरगी उठून आत खोलीत गेली. तिला मराठी येत नव्हतं, पण नवऱ्याची गोष्ट तिला माहीत होती. मीच कधीतरी सांगितली होती.

मी उठून पायऱ्यांच्या मागं वाकून बघितलं. मग म्हटलं, गोंब्या न हलवता पुस्तकं निघतात का बघू. भिंत आणि खोकी यांच्यात बारीक माणूस आडवा शिरेल एवढी फट होती. मागून खोक्याला भोक पाडायचं, पुस्तकं एकेक काढायची, आणि रिकाम्या जागी माझ्या साड्या, गोधड्या, तांदळाचा डबा असलं काहीतरी भरायचं. पोरीला हाक मारून सांगितलं, ती म्हणाली, होईल. ती फटीत आडवी शिरली. तिचे हात लांब, ती आतून पुस्तक द्यायची, मी तिला गोधडी द्यायची. अक्का लांब बसून बघत होती. पायरी हलली तर कळावं म्हणून की काय, राजा-राणीवरची नजर तिनं काढली नाही.

"स्वल्प उजवीकडं," मी म्हणायची.

"उजवीकडं माझं डोकं आहे अज्जी."

पहिलं खोकं निम्मं झालं. दुसऱ्यात हात घातला आणि खालची पायरी एका बाजूला बसली. मोठा आवाज नाही झाला. साडीला एक सुरकुती पडली, आणि शेट्टीण घसरली, तिचा तांदूळ घसरला, आणि ती फरशीवर पडली. मातीची होती. मान वेगळी झाली. शेट्टी एकटाच दुकानात बसलेला राहिला.

पोरगी फटीतून बाहेर आली, तिच्या केसांत कोळ्याची जाळी. तिनं शेट्टीणीचं डोकं उचललं, दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर केलं.

"सॉरी अज्जी. बस. राहू दे."

अक्का म्हणाली, "झालं समाधान?"

मी ते डोकं घेतलं. साधं मातीचं डोकं, नाकावरचा रंग कधीच गेलेला. मी मुलाला फोन लावला. त्याचं मशीन चालू होतं, मागं आवाज होता. मी म्हटलं, गोंब्या आज निजवू का? त्याला आधी कळलं नाही. मग म्हणाला, "आई, तुझ्या गोंब्या आहेत. मला काय विचारतेस? ठेवतो, सुपरवायझर बघतोय." एवढंच. त्याच्या आवाजात काही नव्हतं. आवाज त्याचा होता, मशीन चालत होतं, तो उभा होता.

मी हातपाय धुतले. दिवा लावला, आरती ओवाळली. अक्काला म्हटलं, "तू म्हण आरती."

"मी नाही म्हणत."

मग मी एकटीनंच म्हटली. जी यायची तेवढी. मग वरून सुरुवात केली. राजाला आडवा केला, राणीला आडवी केली, पदरात घेऊन खाटेवर नेऊन निजवलं. देव निजवले. वरात निजवली, घोडा नीट निजत नव्हता, त्याला भिंतीला टेकवला. शेट्टीला निजवला आणि शेट्टीणीला त्याच्या शेजारी, डोकं जागेवर लावून. पोरीनं मदतीला हात पुढं केला. मी म्हटलं, थांब, हे मलाच करू दे. घाई होती एवढं आठवतं.

अक्का उठली, चप्पल घातली आणि गेली. हार तिथंच राहिला.

टेम्पो दोनच्या सुमाराला आला. ड्रायव्हर गावाकडचा कन्नड माणूस. खोक्यांवर कुंकू आणि अक्षता बघून तो थांबला.

"अज्जी, पूजेचा माल आहे?"

"पूजेतला आहे. पुस्तकं आहेत."

त्यानं चपला काढल्या. आधी चढवलेल्या दोन सूटकेस आणि एक फ्रिज त्यानं खाली उतरवला, खोकी आत रचली, आणि मग फ्रिज बाजूला दोरीनं बांधला. "याच्यावर काही ठेवत नाही," म्हणाला. एजंटचा माणूस घड्याळ दाखवत होता. ड्रायव्हरनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. निम्मी पुस्तकं काढलेलं ते खोकं पोरीनं परत भरलं, माझी एक गोधडी चुकून आत गेली, ती तशीच गेली. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती उभी होती. मग आली आणि खाटेजवळ खाली बसली. निजलेल्या गोंब्यांसमोर पेशंटजवळ बसतात तशी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आयुधपूजा. मुलगा मशीनला हार घालून, कोहळा फोडून, चुरमुऱ्यांची पुडी घेऊन घरी आला. घरात पायऱ्या नाहीत, गोंब्या खाटेवर, मी जमिनीवर झोपलेली. त्यानं विचारलं नाही. चुरमुरे खाल्ले.

दसऱ्याला अक्का आली. हळद-कुंकू घेतलं, बसली नाही. म्हणाली, "राजा-राणी माझ्या घरी नेते. सासूबाईंचे आहेत, थोरलीकडं असायला हवेत."

"सरी, ने," मी म्हटलं. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून दिले. तिनं पिशवीत ठेवले. जाताना म्हणाली, "शेट्टीणीला फेविकॉल लाव."

लावला. मान थोडी वाकडी बसली, गिऱ्हाइकाकडं संशयानं बघितल्यासारखी.

पोरगी त्या महिन्यात गेली. विमानात वजन चालत नाही म्हणून तिनं कपडे इथंच वाटले आणि पिशवीत पुस्तकं नेली. निघताना माझ्या पाया पडली, आमच्या पद्धतीनं. मी म्हटलं, असं कुणी शिकवलं? म्हणाली, वॉर्डात बघितलं.

त्यानंतरचे दिवस मला बरे गेले नाहीत. दुपारी गल्लीत ऑटो थांबला की मी हातातलं टाकून दारात यायची. कुणाचातरी ऑटो असायचा. समोरच्या घरी सिलिंडर यायचा, कुणाचं बाळंतपण व्हायचं. मी परत आत जायची. मुलाला काही सांगितलं नाही. तो रोज घरी येत राहिला. सणावाराला अक्का दिसली की बोलते, पण घरी येत नाही. माझा गुडघा धरला तेव्हा तिनं कुणाकडून तरी निरोप पाठवला, गोंब्या हलवल्या म्हणून. मी उलट निरोप पाठवला, गुडघा त्याच्या आधीपासून दुखतोय.

संक्रांत होऊन गेली. एक दिवस दुपारी मुलाच्या जुन्या फोनवर, जो आता माझ्याकडं असतो, पोरीचा व्हिडिओ फोन आला. आधी नुसतं आकाश दिसलं, मग तिचं कपाळ.

"अज्जी, पोचली. सगळी. एक खोकं भिजलं, बाकी सगळी चांगली."

तिनं फोन फिरवला. शेड दिसलं, नवा पत्रा. फळ्या दिसत नव्हत्या, कारण पुढं माणसं उभी होती. तिची आई आली, माझ्याच वयाची असेल, डोक्याला रंगीत कापड. ती त्यांच्या भाषेत पुष्कळ काही बोलली आणि पोरीनं त्यातलं थोडं मला सांगितलं. शाळेची पुस्तकं पहिल्याच दिवशी गेली, परत आली, परत गेली. श्रीमंत कसं व्हायचं त्याच्यावरून दोन ट्रकवाल्यांची भांडणं झाली. पलीकडच्या गावचे लोक पण यायला लागलेत, तिकडं शेड नाही. आई म्हणते, एवढी पुस्तकं सहा महिने पुरणार नाहीत, सगळं वाचून होईल, मग काय देऊ?

"मग तू परत ये गोळा करायला," मी म्हटलं.

"मी आता इथं हॉस्पिटलमध्ये आहे अज्जी. झांबियावाली आहे ना अजून बंगळूरला, ती गोळा करते आहे. तिच्या हॉस्टेलमध्ये जागा नाही."

मी म्हटलं, खोली रिकामी आहे म्हणून सांग तिला. वाकून यावं लागेल.

मग तिनं फोन बाकाकडं केला. बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती, पायाशी केळ्यांची टोपली, मांडीवर पुस्तक. पोरीनं तिला हाक मारली, इंडियाची अज्जी बघते आहे असं काहीतरी सांगितलं असणार. बाईनं बोटानं ओळ धरून ठेवली होती. तिनं वर बघितलं नाही. पोरगी परत हाक मारायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं, "तिला वाचू दे."

फोन बंद झाला. मी खोली झाडायला घेतली.